पैसे गेले, पावती नाही. भाच्याने कुकी बंद केल्यामुळे?

मोगरा | ८ मे, रात्री ९.४०

घरपट्टी महिनाअखेरच्या आत भरली तर सवलत मिळते, म्हणून परवा सकाळी लॅपटॉप घेऊन बसले. पालिका कुठली ते लिहीत नाही, उगाच वाद नको.

मिळकत क्रमांक टाकला, रक्कम आली ६,८४० रुपये. सासऱ्यांच्या डेबिट कार्डाचा नंबर दिला, बँकेचं पान उघडलं. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. मोबाइल देवघरात, आणि ते पूजेला बसलेले. मोबाइल आणला, चष्मा शोधला, ओटीपी टाकला. बँकेच्या पानावर हिरवी खूण आली, चाक फिरलं आणि पालिकेचं पान उघडलं ते 'युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड, प्लीज लॉगिन अगेन' म्हणत. तेवढ्यात बँकेचा मेसेज, खात्यातून ६,८४० वजा. परत लॉगिन करून बघितलं तर थकबाकी जशीच्या तशी.

पाणीपट्टी तरी होते का पाहावं म्हणून ती माझ्या कार्डाने भरायला घेतली. ती साइट वेगळी आहे. तिथे ओटीपीचा चौकोन उघडला आणि पांढराफटक राहिला. दहा मिनिटं बघत बसले.

आता आठवतंय, गेल्या आठवड्यात भाचा आला होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, तुझ्यावर किती जण पाळत ठेवतात माहितीये का?" म्हणत त्याने क्रोममध्ये काहीतरी खटाखट बंद केलं. कुकी असा शब्द ऐकल्याचं आठवतं. हे त्यामुळेच झालं असेल का? आणि ते ६,८४० आत्ता नक्की कोणाकडे आहेत? सासरे म्हणतात पुन्हा भर, सवलत जाईल. भरू का?

---

चहाबाज | ८ मे, ९.४६

पुन्हा भरू नका. बाकी प्रतिसाद सावकाश वाचा.

---

बोरकूट | ८ मे, ९.५८

+१००. मुलीच्या प्रवेश परीक्षेची फी मी तीनदा भरली आहे. शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, दर वेळी 'फेल्ड'. सकाळी बघतो तर तिन्ही पोचलेल्या. एक आठवड्याने परत आली, दुसरी अडीच महिन्यांनी, तीही सतरा मेल पाठवल्यावर. घाई करू नका ताई.

---

शून्यमस्तक | ८ मे, १०.०५

भाच्याला पुढच्या वेळी आमरस देऊ नका. (गमतीने घ्या)

---

खटपट्या | ८ मे, १०.३१

पेमेंटच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या करणं हाच माझा धंदा, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की पत्र्याचा बिल्ला मिळतो. स्टँडवाल्याला तुमचा चेहरा लक्षात नसतो, तो बिल्ला बघून चपला देतो. कुकी म्हणजे हा बिल्ला. वेबसाइटला मुळात स्मरणशक्ती नसते. तुम्ही प्रत्येक पानावर गेलात की तिच्या दृष्टीने नवीनच माणूस आला. म्हणून ती बिल्ला देते आणि ब्राउझर तो दर पानाला दाखवत राहतो.

पैसे भरताना तुम्ही पालिकेकडून गेटवेकडे (साइट आणि बँक यांच्यामधली पैसे पोचवणारी कंपनी), तिथून बँकेकडे आणि मग परत पालिकेकडे अशी प्रदक्षिणा घालता. परत आल्यावर ब्राउझरने बिल्ला दाखवला नाही तर पालिका विचारते, आपण कोण? तेच तुमचं 'सेशन एक्स्पायर्ड', म्हणजे साइटने तुम्हाला ओळखणं संपलं. भाच्याने थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नसलेल्या, परक्या साइटच्या कुकी बंद केल्या, म्हणून बिल्ला अडला.

ही युक्ती हेरगिरीसाठी निघालेली नाही. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली याने ती काढली ती ऑनलाइन दुकानातली खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून. जाहिरातवाले नंतर घुसले.

---

अण्णा_रत्नांग्री | ८ मे, १०.४४

आमचे सोपे आहे. चेक घेऊन जायचे, खिडकीवर द्यायचा, शिक्क्याची पावती घ्यायची. वाटेत मासळी बघून यायची. यात कोणाची कुकी लागत नाही.

---

बोरकूट | ८ मे, १०.४७

अण्णा, आणि खिडकीवर 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हणाले की?

---

अण्णा_रत्नांग्री | ८ मे, १०.५२

उद्या जायचे. उद्या पण मासळी असते.

---

काकतालीय | ८ मे, ११.१५

@खटपट्या, बिल्ला आवडला, निदान अर्धं चुकलं आहे.

थर्ड-पार्टी कुकी बंद केल्याने परक्याच्या घरात शिरलेल्याचे बिल्ले बंद होतात. पालिकेच्या पानातच बँकेचा चौकोन उघडला असेल तर त्या चौकोनात बँक परकी ठरते आणि तिचा बिल्ला चालत नाही. पण आख्खं पानच बँकेकडे गेलं, वर पत्त्याच्या पट्टीत बँकेचा पत्ता दिसला, तर त्या वेळी बँक स्वतःच्या घरात असते. परत आल्यावर पालिकाही स्वतःच्या घरात. तिथे ही सेटिंग आड येत नाही.

@मोगरा, घरपट्टीच्या वेळी पूर्ण पान बदललं होतं की चौकोन होता? आणि ओटीपी शोधायला किती वेळ गेला?

---

विदुला_के | ८ मे, ११.२०

कुकी म्हटलं की मला नानकटाईच आठवते. मे महिन्यात आई घरचा मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत पाठवायची. आमचा नंबर येईपर्यंत मी आणि भाऊ भट्टीच्या वासात उभे.

---

चहाबाज | ८ मे, ११.२४

आमच्याकडे त्या पत्र्याच्या ट्रेवर आडनावाची चिठ्ठी ठेवायचे. तरी एकदा कुलकर्ण्यांची नानकटाई आमच्याकडे आली होती. त्यांचं तूप जास्त होतं, आम्ही गप्प बसलो.

---

खटपट्या | ८ मे, ११.३०

@चहाबाज, यालाच आमच्यात सेशन अदलाबदल म्हणतात. :)

@काकतालीय, मान्य. पूर्ण पान असेल तर माझं म्हणणं मागे. पण मग तिचं सेशन गेलं कशाने?

---

मोगरा | ९ मे, सकाळी ७.५०

सगळ्यांचे आभार, पुन्हा भरलेलं नाही. घरपट्टीला पूर्ण पान बदललं होतं, वर बँकेचा पत्ता होता. पाणीपट्टीला मात्र त्याच पानात चौकोन. वेळ म्हणाल तर ओटीपीचा मेसेज ८.१४चा आणि पैसे वजा झाल्याचा ८.१८चा. मागच्या वर्षी याच साइटवर, याच कार्डाने सरळ भरलं गेलं होतं. तेव्हा सासरे मोबाइल हातात घेऊन शेजारीच बसले होते.

---

काकतालीय | ९ मे, ८.३५

तेव्हा ओटीपी लगेच मिळाला होता आणि परवा चार मिनिटं गेली, मला वाटतं मेख इथेच आहे. तुम्हाला एक नाही, दोन वेगळे आजार झालेत.

पाणीपट्टीचा पांढरा चौकोन हा भाच्याचा प्रताप. बँकेला त्या चौकोनात स्वतःची कुकी ठेवता आली नाही, ओटीपीचं पान उघडलंच नाही. त्यात पैसे जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तुम्ही ओटीपी दिलेलाच नाही.

घरपट्टीत भाचा निर्दोष. क्रोमने फेब्रुवारी २०२०मध्ये, ८० नंबरच्या आवृत्तीपासून, एक नियम लावायला घेतला. कोविडमुळे एप्रिलमध्ये थांबवला, कारण भर टाळेबंदीत लोकांच्या साइट मोडायला नकोत, आणि जुलैत पुन्हा लावला. नियम असा, की कुकी देताना साइटने काही वेगळं सांगितलं नसेल तर दुसऱ्या साइटवरून ढकललेल्या फॉर्मबरोबर ती कुकी पाठवायची नाही. बँका आणि गेटवे नेमके असेच परत पाठवतात, फॉर्म ढकलून, म्हणजे तुमच्या ब्राउझरकरवी माहितीचा फॉर्म आपोआप साइटकडे पाठवून. मग पेमेंटं धडाधड पडली असती, म्हणून क्रोमने एक पळवाट ठेवली. कुकी दिल्याला दोन मिनिटंही झाली नसतील तर जाऊ द्यायची.

आता हिशोब करा. साइट बहुधा पैसे भरायचं बटण दाबताना नवी कुकी देत असावी. चटकन ओटीपी टाकणारा दोन मिनिटांत परत येतो, त्याचं काम होतं. देवघरात जाऊन चष्मा शोधणाऱ्याचं होत नाही. आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण साइट बनवणारी पोरं चाचणी करताना मोबाइल हातातच धरून असतात.

साइटने स्वतःच सेशन तीन मिनिटांत मारलं असेल हीही शक्यता आहे. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. मात्र भाच्याची सेटिंग नव्हती हे नक्की.

---

शून्यमस्तक | ९ मे, ८.४१

आमरसाचं विधान मागे घेतो. अर्धी वाटी द्या, पाणीपट्टी बाकी आहे.

---

राइनकाठी | ९ मे, दुपारी १.१०

इकडे जर्मनीत दर साइटवर आधी कुकीची परवानगी मागणारी पाटी. मी सवयीने 'सगळं नाकारा' दाबते. त्यातही 'आवश्यक' म्हणून काही कुकी चालूच राहतात, आणि त्या राहतात म्हणूनच पैसे भरता येतात हे आज कळलं. युरोपात कार्डाला दुहेरी ओळख सक्तीची करणारा नियम सप्टेंबर २०१९मध्ये लागू झाला. माझी बँक ती ॲपवर मागते, मी ॲपमध्ये जाऊन परत येईपर्यंत ब्राउझरमधलं पान कधीकधी स्वतःला नव्याने उघडून बसतं. तिकीट काढताना जीव टांगणीला.

आईचं वीजबिल इथून भरायचा नाद मात्र सोडला. दर महिन्याला शेजारच्या काकूंना पैसे पाठवते, त्या भरतात आणि वर आईची खबरबातही देतात.

---

काजूबोंडू | ९ मे, २.२५

मी गोव्यातून, डिचोलीजवळून. काजू आणि कोकम ऑनलाइन विकतो. खटपट्या आणि काकतालीय दोघेही ब्राउझरबद्दल बोलतायत. दुकानाच्या गल्ल्यामागून काय दिसतं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला रोज एकदोन फोन येत. पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही. आमच्याकडे ती ऑर्डर 'पेंडिंग'. निम्मे लोक इन्स्टाग्रामवरची आमची लिंक दाबून आलेले असत. ते पान इन्स्टाच्या पोटातच उघडतं, तिथून गिऱ्हाईक यूपीआयच्या ॲपमध्ये जातं, पैसे देतं, आणि परत येताना पान हरवलेलं. मी प्रत्येकाला सांगायचो, क्रोममध्ये उघडा, कुकी चालू करा. गिऱ्हाइकाला असं शिकवायला लागलं की ते पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातं.

मग एक जाणता पोरगा भेटला. तो म्हणाला, गिऱ्हाइकाचा ब्राउझर परत येवो न येवो, गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवत असतो. याला वेबहुक म्हणतात. आमच्या आधीच्या माणसाने तो पत्ता भरलाच नव्हता! रकाना रिकामा. गेटवे बिचारा सांगत होता, ऐकायला कोणी नव्हतं. तो भरल्यापासून असे फोन महिन्याला एखादा.

पैसे जातात एका रस्त्याने आणि 'पैसे आले' ही बातमी येते दुसऱ्या. साइटने बातमी आणायचं काम गिऱ्हाइकाच्या ब्राउझरवर सोडलं तर कुकी, रेंज, बॅटरी, देवघर, काहीही आडवं येणार. मोगराताई, माझ्या मते चूक तुमच्या भाच्याची नाही आणि क्रोमचीही नाही.

---

खटपट्या | ९ मे, २.४०

टोपी काढली. मी इतकं लिहून हे लिहायचं विसरलो.

---

पासबुक | ९ मे, सायंकाळी ५.०५

बँकेत पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालो. पैसे कोणाकडे आहेत, या मूळ प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिले नाही, म्हणून लिहितो.

ते बँकेतून निघाले आहेत. बहुधा गेटवेकडे किंवा पालिकेच्या बँकेकडे आहेत आणि कोणत्या मिळकतीच्या नावावर टाकायचे ते ठरायचे आहे. दोन्हीकडच्या याद्या ताडल्या जातात तेव्हा बरीचशी प्रकरणे आपोआप मिटतात.

रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९चे परिपत्रक आहे. ऑनलाइन कार्ड व्यवहारात खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराकडे पोच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, मागणी न करता. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांनाही हेच पाच दिवस. एका व्यक्तीने दुसऱ्याला यूपीआयने पाठवले असतील तर एकच दिवस.

मेसेजमधला संदर्भ क्रमांक जपून ठेवा. परत आले नाहीत तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांची एकत्रित योजना नोव्हेंबर २०२१पासून आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक.

आणि कृपा करून गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. परतावा देतो म्हणून यूपीआय पिन मागतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

---

विदुला_के | ९ मे, ५.२०

शेवटचा परिच्छेद घरच्या सगळ्यांना वाचून दाखवला.

---

नीरक्षीर | ९ मे, रात्री ८.१२

सगळे त्या पोराला माफ करताय, पण मुळात हा सोस कशाला? मी काय लपवतो? माझ्या कुकी बघून फार तर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दाखवतील. ब्राउझर जसा आला तसा ठेवावा.

---

काकतालीय | ९ मे, ८.३०

जसा आला तसा, पण कोणता? आयफोनमधला सफारी मार्च २०२०पासून थर्ड-पार्टी कुकी स्वतःच बंद ठेवतो. फायरफॉक्सने २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने २०२०मध्ये जाहीर केलं की आपणही बंद करणार, मग तारखा पुढे ढकलल्या, जानेवारी २०२४मध्ये एक टक्का लोकांवर प्रयोग केला आणि त्याच वर्षी जुलैत बेत सोडून दिला. त्यामुळे भाच्याने केलं ते आयफोनवाल्यांच्या हातात कंपनीनेच करून दिलेलं आहे. थर्ड-पार्टी कुकीच्या भरवशावर ओटीपीचं पान उभं करणारी साइट आज निम्मीअर्धी मोडकीच समजा.

---

नीरक्षीर | ९ मे, ८.३८

म्हणजे माझ्या आयफोनवर गुडघ्याचं तेल दिसतं ते कसं?

---

शून्यमस्तक | ९ मे, ८.४०

तुम्ही आत्ताच इथे लिहिलंत की.

---

खटपट्या | ९ मे, ९.१५

@मोगरा, पाणीपट्टीसाठी सगळ्या कुकी चालू करू नका. क्रोममध्ये ती साइट उघडा. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे डोळ्याचं चित्र दिसेल, ते दाबून फक्त त्या साइटपुरती परवानगी द्या. फायरफॉक्समध्ये डावीकडची ढाल, ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरमध्ये सिंह. मग पान नव्याने उघडून भरा. इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत करू नका, तिथे थर्ड-पार्टी कुकी आधीच बंद असतात. पुष्कळ लोक 'सुरक्षित' म्हणून पेमेंट तिथेच करायला जातात आणि मग मला फोन.

---

मोगरा | १२ मे, सकाळी १०.२०

घरपट्टी जमा झाली! आज साइटवर गेले तर थकबाकी शून्य. पावती 'मागील व्यवहार'मध्ये सापडली आणि तिच्यावर तारीख ६ मेचीच आहे, त्यामुळे सवलतही शाबूत. सासऱ्यांचं ऐकून पुन्हा भरले असते तर आत्ता बोरकूट यांच्यासारखे मेल लिहीत बसले असते.

पाणीपट्टी खटपट्यांच्या डोळ्याने भरली. चौकोन उघडला, ओटीपी आला, झालं. भाच्याला फोन करून हा धागा पाठवला. तो म्हणतो काकतालीय बरोबर आहेत, आणि आमरस पूर्ण वाटी हवा.

पालिकेला मेल केला आहे, दोन मिनिटांचं सगळं लिहून. 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर दोन मिनिटांच्या आत आलं.

---

काजूबोंडू | १२ मे, ११.०२

अभिनंदन! त्यांना वेबहुकचा रकाना बघा असंही कळवा.

---

बोरकूट | १२ मे, ११.१०

ताई, पुढच्या वर्षी ओटीपी मागवायच्या आधी मोबाइल देवघरातून आणून ठेवा म्हणजे झालं.

---

मोगरा | १२ मे, ११.३५

सांगून बघितलं. ते म्हणतात, आख्ख्या घरात रेंज तिथेच येते.